डब्यात कॅन्सर पाळणाऱ्या बाई

"तुम्ही मराठीच्या ना? मग मला 'एक्स्प्रेशन'ला एक शब्द द्या."

जळगावच्या कॉलेजात मी नुकतीच रुजू झाले होते. स्टाफरूममध्ये डबा उघडून पहिला घास घेते तोच समोर एक उंच, सावळी, हाडापेराने दणकट बाई येऊन उभी राहिली. पांढऱ्या कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, पदर कमरेला खोचलेला आणि हातांना स्पिरिटचा वास. मी घाईघाईने घास गिळून म्हटलं, "अभिव्यक्ती."

"अभिव्यक्ती कवीची असते हो. माझा जीन कवी नाहीये, तो नुसता कोकलतो. दुसरा बघा." माझ्या डब्यातली लोणच्याची फोड उचलून तोंडात टाकत त्या म्हणाल्या, "सापडला की वर या. तिसरा मजला, जीवशास्त्राच्या टोकाला. मी भदाणे."

डॉ. उषा भदाणे यांची आणि माझी ओळख ही अशी झाली. शब्द काही मला सापडला नाही, पण मी वर गेले आणि मग जातच राहिले. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे काचेच्या दाराची एक लहानशी खोली. आत अंगाइतकी ऊब धरून ठेवणारं एक कपाट, आणि त्यात चपट्या प्लास्टिकच्या बाटल्या आडव्या मांडलेल्या. बाटल्यांत गुलाबी पाणी. यात काय आहे म्हणून विचारलं, तर "स्तनाचा कॅन्सर" असं त्यांनी कोथिंबिरीचं नाव सांगावं तसं सांगितलं आणि एक बाटली भिंगाखाली सरकवून मला बघायला लावलं. दुधावर साय धरावी तशा पेशी एकमेकींना चिकटून पसरल्या होत्या.

"ज्या बाईच्या या, ती परदेशातली. केव्हाच गेली बिचारी. तिचा रोग मात्र इथे जळगावात मी जेवायला घालून वाढवते."

जेवायला घालणं हा त्यांचा नेहमीचा शब्द. जुनं पाणी काढून नवं घालायचं, ते सणवार, रविवार काही न बघता. मीटिंग रंगात आली असताना त्या उठायच्या, "पोरी उपाशी आहेत, येते मी" म्हणायच्या आणि निघायच्या. एकदा बाहेरून आलेल्या एका पाहुण्यांनी मला कौतुकाने विचारलं, "मॅडमना मुलीच का सगळ्या?" मी हो म्हणून टाकलं. मॅडमनी लग्न केलं नव्हतं हे त्यांना सांगून काय उपयोग होता?

मॅडमचा प्रश्न एकच होता आणि त्या तो वर्षानुवर्षं उलटसुलट करून विचारत होत्या. पेशीला वाढायला सांगणारा एक जीन असतो. तो वाईट नव्हे. तो तुमच्याआमच्यात आहे, त्याच्याशिवाय पोटातलं मूल वाढणार नाही. निरोगी पेशीत तो हळू आवाजात बोलतो. काही बायकांच्या कॅन्सरमध्ये मात्र तो असा बेफाम बोलू लागतो, की पेशीला 'वाढ, वाढ' याशिवाय दुसरं काही ऐकूच येत नाही. पुष्कळदा त्या जीनच्या जास्तीच्या प्रती झालेल्या असतात. "पण प्रती वाढल्या एवढं सांगून माझं भागत नाही," मॅडम म्हणायच्या. "त्या सगळ्या बोलत्या का होतात? जीनच्या अलीकडे जो पट्टा असतो, तिथे कोण येऊन बसतं? गप्प बसवणाऱ्या खुणा कोण पुसून टाकतं? जीन चोर नाही. त्याला मोकळं सोडणारा कोण, तो मला पाहिजे."

मी असोद्याची सून. एका हिवाळ्यात भरीत खायला म्हणून मी त्यांना घरी नेलं, तर भरीत राहिलं बाजूला आणि त्या माझ्या सासऱ्यांबरोबर केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या बघत हिंडत बसल्या. एका तुकड्यात पाणी चालू, शेजारच्यात बंद. मॅडम कॉक उघडून बघत होत्या, बंद करून बघत होत्या. दुसऱ्या दिवसापासून वर्गात नवा धडा सुरू झाला. "पाणी तेच, नळी तीच. डोळ्याच्या पेशीत आणि छातीच्या पेशीत जीन अगदी सारखे. फरक काय? कुठला कॉक उघडा आणि कुठला बंद. आता मला सांगा, हा कॉक रात्रंदिवस उघडा कोणी ठेवला?" मुलं हसायची, पण पेपरात बरोबर लिहायची.

मॅडमच्या बोलण्यात दर दोन वाक्यांनी अक्का यायची. अक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण सिंधू, धुळ्याजवळ पांझरेच्या काठच्या एका गावात दिलेली. दोघींची आई लवकर गेली. कशाने गेली ते मुलींना कोणी धड सांगितलं नाही. "पोटाचं दुखणं होतं" एवढंच. मग धाकटीच्या वेण्या अक्काने घातल्या, ताप आला तर उशाशी अक्का बसली. दहावीनंतर वडील मॅडमची शाळा बंद करायला निघाले, तेव्हा अक्काने वाद घातला नाही की ती रडली नाही. तिने जेवणं सोडलं. ताट वाढून घ्यायची, समोर बसायची आणि तसंच उचलून ठेवायची. शेवटी वडील स्वतः मॅडमना धुळ्याच्या कॉलेजात घालून आले. "अक्का अशी आहे," मॅडम म्हणायच्या. "ती तोंड उघडत नाही. करायचं ते करून मोकळी होते." हे त्या फार अभिमानाने सांगायच्या.

बहिणीचं काम अक्काला एवढंच कळलं होतं, की उषा धाकटी असली तरी मोठी आहे आणि ती कॅन्सर पाळते. गावात कोणी विचारलं तर अक्का सांगायची, "मनी बहीन डब्बामा कॅन्सर पाळस." त्यामुळे मॅडम गावी गेल्या की ओट्यावरच्या बायका जरा सरकून बसायच्या. मॅडमना हे सांगताना हसू आवरायचं नाही. डोळे पुसत म्हणायच्या, "माझ्या सगळ्या संशोधनाचं सार आहे बघ हे."

गावोगावी जाऊन बायकांशी बोलायचं, ही कल्पना मॅडमचीच. सुटीच्या दिवशी आम्ही दोघी एसटीने निघायचो. कधी एरंडोलकडे, कधी पारोळ्याकडे, कधी पार धुळ्यापर्यंत. माझं काम त्यांचे जड शब्द छाटायचं. पण त्यांना माझी गरज थोडीच होती! अहिराणीत बोलायला लागल्या की देवळाचा मंडप खिळून बसायचा. गाठ कशी हाताला लागते, न दुखणारी गाठही का दाखवायची, हे त्या स्वतःच्या ब्लाउजवर हात ठेवून बेधडक दाखवायच्या. पुढे बसलेल्या सुना लाजायच्या, सासवा मात्र मान लांब करून बघायच्या.

जीनला त्यांनी शब्द स्वतःच शोधला होता. बियाणं. "शेतकऱ्याच्या घरात याहून सोपा शब्द कोणता?" त्या म्हणायच्या, आणि मलाही तो आवडला होता. मायबापाकडून आलेलं बियाणं प्रत्येक पेशीत असतं, त्यातलंच एक बेफाम होतं, अशी त्यांची मांडणी असायची. नंतर त्या हेही सांगायच्या, की बहुतेक बायकांत हे बेफाम होणं त्या एका पेशीत, त्या बाईच्या हयातीत घडतं. ते तिच्याबरोबर संपतं, लेकीकडे जात नाही. थोडीच घराणी अशी, की जिथे दोष पुढे जातो.

अक्काच्या गावातला कार्यक्रम नवरात्रात झाला. अक्का नव्या साडीत पहिल्या रांगेत बसली होती आणि कुजबुजणाऱ्या बायकांना वळून वळून दटावत होती. तिची मुलगी पूनम मागे खांबाला टेकून उभी. तिला तेव्हा स्थळं येत होती. वरणगावच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या एका मुलाकडून जवळजवळ होकार होता. मॅडम छान बोलल्या. शेवटी एका म्हाताऱ्या बाईने आईच्या रोगाचं लेकीला काय, ते विचारलं, "मंग बाई, मायले व्हयना तं पोरलेबी व्हईच का?"

"चांगलं विचारलं," मॅडम म्हणाल्या आणि उत्तर द्यायला लागल्या. पण तेवढ्यात चहाची वेळ झाली म्हणून अक्का उठून आत गेली. तिच्यामागे हातभार लावायला आणखी चार बायका उठल्या. मंडपात कपबशांचा आवाज सुरू झाला. मॅडमनी उत्तर पुरं केलं, ते मी ऐकलं, त्या म्हातारीनेही ऐकलं असेल. अक्का चहा गाळत होती.

पूनमचं लग्न उन्हाळ्यात झालं. मी गेले होते. अक्काने सगळं लग्न अंगावर पेललं. एवढं मात्र आठवतं, की त्या उकाड्यातही तिने खांद्यावरून पदर घट्ट लपेटून घेतला होता आणि भेटायला येणाऱ्या कोणालाही ती छातीशी धरत नव्हती. लेकीला वाटे लावतानासुद्धा तिने हात पुढे करून तिला थोडं लांबच ठेवलं. मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, काय कठोर बाई आहे.

लग्नाची पाहुणेमंडळी पांगल्यावर तिचा मॅडमना फोन आला. "उषा, एकदा येई जाय."

मॅडम गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी अक्काला घेऊन जळगावला परतल्या. गाठ नव्हतीच राहिली आता. जखम झाली होती आणि अक्का तिच्यावर हळद दाबून, जुन्या धोतराचे तुकडे बांधून वावरत होती. नवऱ्यालाही तिने कळू दिलं नव्हतं. मी मॅडमच्या घरी पोचले तेव्हा दोघी बहिणी स्वयंपाकघरात समोरासमोर बसल्या होत्या. मॅडम विचारत होत्या, "कव्हयपासून?"

"नवरात्रना पहिलेपाईन."

"म्हणजे मी बोलले तेव्हा होती?"

अक्काने मान हलवली.

"मंग काबरं नही सांगं तू माले? मी काय सांगत होते, ऐकत होतीस ना तू?"

"आयकं ना," अक्का म्हणाली. "तूच तं सांगेल शे, हाई मायबापनं बियानं शे. मंग मी सांगतू तं मनी पोरले सून कोन करतं?"

मॅडम उठल्या, अक्काला पाणी दिलं आणि डॉक्टरांना फोन लावला. त्या दिवसानंतर 'बियाणं' हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही.

तपासणीत तोच जीन निघाला. ज्याच्या मागे मॅडमनी आयुष्य घातलं, तोच, पूर्ण जोरात. त्यांनी तपासणाऱ्या डॉक्टरांना विनंती करून अक्काच्या गाठीतल्या पेशींची काच स्वतः भिंगाखाली पाहिली. मी शेजारी होते. प्रत्येक पेशीभोवती गडद तपकिरी कडं, जीन कोकलतोय याचा पुरावा. मॅडमनी डोळा लावला आणि काढलाच नाही. डॉक्टर तरुण होते. काही बोलायचं म्हणून म्हणाले, "मॅडम, तुमचाच विषय आहे हा." "हो," मॅडम म्हणाल्या, "चांगली ओळख आहे आमची."

या जातीच्या कॅन्सरवर नेमकं औषध आहे. पेशीच्या अंगावर तो जीन जे जास्तीचं प्रथिन उभं करतो, त्यालाच जाऊन चिकटणारं. मॅडमना ते ठाऊक होतं, त्यामुळे सुरुवातीला त्यांच्या चेहऱ्यावर थोडी आशा होती. औषध लागूही पडलं. जखम सुकली. अक्काचे केस गेले तेव्हा ती आरशात बघून म्हणाली, "आते दाजीसनामायक दिसस मी." दाजी म्हणजे तिचाच नवरा, मॅडमचे टक्कल पडलेले मेहुणे. ते बिचारे दारात टोपी हातात घेऊन उभे होते आणि हसावं की रडावं ते त्यांना कळत नव्हतं.

याच काळात डॉक्टरांनी सुचवलं, की हे घराण्यात उतरणारं आहे का, ते अक्काच्या रक्तावरून बघता येईल. मॅडमनी तिला समजावलं, की बहुतेक काही निघणार नाही. निघालं नाही की पूनमला सांगता येईल, तुला घाबरायचं कारण नाही. अक्काने शांतपणे ऐकून घेतलं. "आनि निंघनं तं?" तिने विचारलं. आई कशाने गेली ते मॅडमना स्वतःलाही माहीत नव्हतं. अक्काने रक्त दिलं नाही.

बरं वाटत होतं त्या दिवसांत अक्काने एकदा हट्ट धरला. "तुना डब्बा दखाड ना माले." मॅडम टाळत होत्या, पण अक्काला नाही म्हणायची सवय त्यांना नव्हती. रविवार होता, कॉलेज रिकामं. आम्ही तिला हळूहळू तिसऱ्या मजल्यावर नेलं. मॅडमनी तिला आपला कोट घातला, स्टूलवर बसवलं, बाटली भिंगाखाली ठेवली. अक्काला एक डोळा मिटायला जमेना, तेव्हा मॅडमनी आपल्या तळहाताने तो झाकला.

"ह्याच का मना आंगमा शेत?"

"अश्याच."

अक्का बघत राहिली. "कित्या गंज शेत," त्यांची गर्दी बघून ती म्हणाली. मग डोळा न काढताच तिने विचारलं, "आनि यासले तू रोज जेवाले घालस?"

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. लहान मुलाने विचारावं तसं तिने विचारलं होतं. मॅडमचा हात अक्काच्या डोळ्यावर तसाच होता. मी खिडकीकडे वळले.

पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडी अक्काचं डोकं दुखू लागलं. मग ती शब्द विसरायला लागली. पोळीला साडी म्हणायची, पूनमला उषा आणि उषाला माय. औषधाने छातीतला रोग धरून ठेवला होता, पण मेंदूपर्यंत ते नीट पोचू शकत नाही, आणि रोग मात्र पोचला होता. "मला माहीत होतं हा तिकडे जातो," मॅडम मला म्हणाल्या. "मी हे पोरांना शिकवते. फळ्यावर आकृती काढून शिकवते." अक्काला गावी जायचं होतं, म्हणून तिला गावी नेलं. शेवटचे दिवस मॅडम तिच्या उशाशी बसून होत्या आणि अक्का त्यांना माय, माय म्हणून हाक मारत होती. मॅडम ओ देत होत्या. श्रावणातल्या एका सकाळी ती हाक थांबली.

दशक्रिया आटोपून मॅडम कॉलेजात आल्या त्या सरळ वर गेल्या. मला त्यांनी फोन करून बोलावून घेतलं. मी पोचले तेव्हा कपाटातल्या सगळ्या बाटल्या ओट्यावर मांडून ठेवलेल्या होत्या आणि त्या एकेक बाटली उघडून तिच्यात ब्लीच ओतत होत्या. गुलाबी पाण्याचा रंग बघता बघता उडत होता.

"मॅडम, थोड्या गोठवून तरी ठेवा," मी म्हटलं. एवढं मला एव्हाना कळत होतं. "कामाचं काय?"

"काम झालं."

"सापडलं का तुम्हाला?"

"सापडलं की थोडंफार. त्या पट्ट्यावर कोण बसतं ते कळलं. कोणती खूण पुसली जाते तेही कळलं. पुढचं कोणीतरी करेल, दुनियेत पुष्कळ लोक करतायत." त्यांनी शेवटची बाटली उघडली. "माझ्यात आता यांना वाढवायचं बळ नाही गं." त्या रडल्या नाहीत. हात धुतले, कोट काढून खुंटीला अडकवला आणि आम्ही खाली येऊन तास घेतले.

दुःख एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पूनम आईच्या दुखण्यात सेवेला म्हणून माहेरी आली होती. तिला न्यायला कोणी आलं नाही. आज येतील, उद्या येतील, असं करत दिवाळी उलटली. तेव्हा मॅडम मला घेऊन वरणगावला गेल्या.

घर नीटनेटकं. सासूबाईंनी आदराने बसवलं, चहा केला. मॅडमनी सगळं समजावून सांगितलं. हा आजार बहुतेकींच्या बाबतीत लेकीकडे जात नाही, आमच्या अक्काच्या शरीरात तो तिच्या हयातीत झाला, पूनमचा त्यात काही संबंध नाही. इतकं सोपं आणि इतकं सुंदर मी त्यांना कधीच बोलताना ऐकलं नव्हतं. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ताई, तुम्ही शिकलेल्या. तुम्ही म्हणता तसंच असेल. तुम्ही लिहून देता का, की पोरीला होणार नाही?"

"लिहून कोणीच देऊ शकत नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या-माझ्याबद्दलही नाही."

"बरं, आजाराचं सोडा. आजार कोणालाही होतो. पण लग्न ठरलं तेव्हा तुमच्या बहिणीला माहीत होतं ना?"

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला.

"आमच्याशी बोलणी करताना, साखरपुड्यात, माझ्या हातात हात देताना माहीत होतं. होतं ना? मग ताई, जिने एवढं लपवलं, तिची लेक आमच्यापासून उद्या काय लपवेल, ते मी कशावरून ओळखू?"

नवरा मुलगा दारात उभा होता. पूनमचं नाव निघालं की तो वर बघायचा आणि आईने बघितलं की पुन्हा खाली. आम्ही उठलो तेव्हा तो फाटकापर्यंत आला. "मावशी, तब्येत सांभाळा" म्हणाला. एवढंच.

परतीच्या एसटीत मॅडम खिडकीशी बसल्या होत्या. मी म्हटलं, त्या बाईंना कोण समजावणार! मॅडम एकदम माझ्याकडे वळल्या. "त्यांचं काय चुकलं? बरोबर विचारलं त्यांनी." गाडी भुसावळ सोडून पुढे आली. मग पुढच्या सीटच्या दांडीकडे बघत म्हणाल्या, "हा जीन इतका का बोलतो, हे विचारण्यात माझा जन्म गेला. माझी बहीण का बोलत नाही, हे मी एकदासुद्धा विचारलं नाही. उलट मला त्याचं कौतुक होतं."

त्या वर्षाअखेर त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. जळगावचं घर आवरलं आणि अक्काच्या गावी जाऊन राहिल्या, दाजींची आणि पूनमची आबाळ होऊ नये म्हणून. कॉलेजने निरोप समारंभ ठरवला होता, त्यालाही त्या थांबल्या नाहीत. फोनवर आमचं बोलणं व्हायचं. कापूस, पांझरेचं पाणी, दाजींचा खोकला. विषय निघेल असं वाटलं की त्याच म्हणायच्या, "ठेवते गं, दूध उतू जाईल."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी त्यांच्याकडे गेले. अक्का गेल्यानंतरची पहिली आखाजी. पूनमने आईच्या नावाची घागर भरली, तिच्यावर खरबूज ठेवलं आणि पाया पडून मुकाट्याने चुलीपाशी गेली. गल्लीत माहेरपणाला आलेल्या लेकींची गर्दी होती. निंबाला झोके टांगले होते, गाणी चालली होती. दोघी-तिघींनी दारात येऊन पूनमला हाका मारल्या. ती हसून म्हणाली, "पुरन घाटस, मंग येस." ती गेली नाही.

मॅडम वाळल्या होत्या. केस पांढरे झाले होते. मी त्यांना म्हटलं, पूनमची तपासणी तरी करून घ्या, मनाला शांती. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आतल्या दाराकडे मान वळवून जरा मोठ्याने म्हणाल्या, "विचार तिलाच. महिन्यातून एकदा स्वतःच्या हाताने बघत जा, एवढंच सांगते मी तिला."

आतून पूनमचा आवाज आला. "मावशी, माले काहीच माहीत नको."

मॅडमनी हात पसरले. "ऐकलंस? गावोगाव सांगत फिरले. घरात दोघी होत्या. एकीने ऐकलं आणि लपवलं, दुसरी ऐकायलाच तयार नाही. आणि खरं सांगू? तिचं चुकतंय असं मी आता छातीठोक म्हणू शकत नाही. कळलं तर ती कोणाकडे जाईल, कोणाला सांगेल? सांगितल्यावर तिच्याजवळ कोण राहील?" मी म्हटलं, तुम्ही आहात ना. "मी अक्काजवळही होतेच," त्या म्हणाल्या.

दोन दिवसांनी मी निघाले तेव्हा गल्लीतल्या लेकीही परत निघाल्या होत्या. ज्याची त्याची मोटारसायकल दारात, डबे बांधलेले, आया पदराने डोळे पुसतायत. मी आणि मॅडम ओट्यावर माझ्या रिक्षाची वाट बघत होतो. पूनम अंगण झाडत होती. शेजारची म्हातारी आपल्या नातीला वाटे लावून येता येता थांबली. "पूनम, तुले लेवाले कव्हय येतस वं?"

पूनम ताठ झाली. खराटा एका हातातून दुसऱ्या हातात घेत, अगदी हसऱ्या तोंडाने म्हणाली, "येतीन ना आजी, येत्या सोमवारले. कालदिन फोन होता त्यासना." म्हातारी समाधानाने पुढे गेली. पूनमने पुन्हा खाली वाकून झाडायला सुरुवात केली.

सासरहून फोन आला नव्हता, न्यायला कोणी येणार नव्हतं. मला माहीत होतं, मॅडमना माहीत होतं. रिक्षा दारात येऊन थांबली. मॅडमनी माझी पिशवी उचलून माझ्या हातात दिली आणि पूनमच्या पाठीकडे बघत, फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाल्या, "बघ, अक्काकडून काय उतरलंय हिच्यात."